सिलेक्टरचं शेवटचं घर

"…पण तुम्ही नुसतं एकदा सांगितलंत, तर तुमचा शब्द तो मोडणार आहे का, अप्पाजी?"

मठाचे स्वामी अप्पाजी शेंगा फोडत होते. मांडीपुढे सूप, शेजारी टरफलांचा ढीग.

"कोण?"

"रेवण. दुसरा कोण!"

एक शेंग दाबली गेली. दाणे सुपात पडले.

"काय सांगू त्याला?"

"सिलेक्टर देऊन टाक म्हणावं. त्याच्याकडे नुसता पडलाय. यंत्र माझ्याकडे आणि यंत्राचा जीव त्याच्याकडे… हा कुठला न्याय झाला?"

अप्पाजींनी पुढची शेंग उचलली. म्हाताऱ्याला नीट समजलं नसावं असं मल्लिनाथला वाटलं, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. समजावून सांगण्याची त्याला हौस होती, आणि समोरच्याला काही समजलेलं नाही असं धरून चालण्याची सवय.

यंत्र म्हणजे एक जुना अँप्लिफायर. विलायतेत बनलेला, व्हॉल्व्हवर चालणारा. करड्या रंगाची लोखंडी पेटी, उचलताना कमरेचा काटा ढिला करणारी. पेटीच्या तोंडावर मधोमध एक काळं बटण आणि बटणाच्या मागे सिलेक्टर, म्हणजे फिरवायचा स्विच. चिनीमातीची चकती, तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या बारीक पत्त्या. बटण फिरवलं की 'खट्' करून ते एका घरातून पुढच्या घरात जाई. एका घरात पहिला माइक, पुढच्यात दुसरा, मग रेकॉर्ड, मग रेडिओ.

शेवटचं घर रिकामं. तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. बटण तिथे आणलं की व्हॉल्व्ह आत तापलेलेच राहत, पण बाहेरचे कर्णे मुके होत.

"तसला सिलेक्टर आता जगात कुठे बनत नाही," मल्लिनाथ म्हणाला. "मुंबई पालथी घातली. मद्रासला माणूस पाठवला. दुसरे बसवून पाहिले. एक बसवला तर नुसती गुणगुण. दुसरा बसवला तर घर बदलताना कानाखाली वाजवल्यासारखा आवाज. आणि रेवणकडे अस्सल आहे! पक्की खबर आहे माझ्याकडे. तिकडे कर्नाटकात टॉकीजमध्ये ऑपरेटर होता ना तो? ती टॉकीज मोडली, तेव्हा भंगारातून ह्याने काढून घेतला."

"मग तूच माग की."

"मी?"

मल्लिनाथ हसला. सोलापुरात त्याच्या दुकानाच्या पायरीवर लोक आपापली मुकी यंत्रं मांडीवर घेऊन बसत. पुण्याहून येत, हैदराबादहून येत. मागणं त्यांचं काम होतं.

"निरोप धाडला होता," तो म्हणाला. "माणसाबरोबर. उत्तर नाही. माणूस म्हणाला, घराला कुलूप आहे, शेजारच्या पोराला सांगून आलोय. बघा, तोंड लपवून बसलाय."

"निरोप काय होता?"

"हाच. सिलेक्टर घेऊन सोलापूरला ये."

"एवढाच?"

"अजून काय असणार निरोपात?"

अप्पाजींनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी टरफल उलटून पाहिलं आणि ढिगात टाकलं.

मठ जतच्या पलीकडे होता. तिथे माणूस मराठीत बोलता बोलता कधी कानडीत शिरतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. माळरान, हुलग्याची रानं, कडुनिंबाच्या सावलीत मठाची बसकी दगडी इमारत. मल्लिनाथ आणि रेवणसिद्ध, दोघेही इथेच वाढले. मल्लिनाथचे वडील शाळामास्तर. रेवणचा बाप मठाची गुरं राखायचा. दोघांच्या गळ्यात लिंग बांधलं ते अप्पाजींनीच, एकाच दिवशी, एकाच ओसरीत.

पुढे दोघांनी मिळून ती पेटी घेतली आणि जत्रा-लग्नांना लाउडस्पीकर लावायला लागले. मल्लिनाथ यंत्रापाशी बसे. रेवण तारा ओढत, झाडांवर चढून कर्णे बांधत मैदानाच्या टोकाला जाई. तिथून ओरडून काही कळायचं नाही, म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. मल्लिनाथ माइकमध्ये म्हणे, "रेवण, ऐकू येतंय का?" आणि शेवटच्या कर्ण्यातून ते ऐकू आलं की रेवण हातातलं लाल फडकं वर करी.

फडकं वर गेलं की काम फत्ते. मग कार्यक्रम सुरू.

"येत्या रविवारी प्रदर्शन आहे," मल्लिनाथ सांगत होता. "जुन्या यंत्रांचं. लांबलांबची जाणती माणसं यायचीत. मधलं टेबल माझ्या पेटीसाठी राखून ठेवलंय. तिथे मुकी पेटी मांडू? माझ्या हाताखालून आजवर एक यंत्र मुकं गेलेलं नाही, अप्पाजी. एक नाही. आणि माझी स्वतःचीच पेटी मुकी!"

"पेटी सोलापुरात?"

"छे! बरोबर आणलीय. रेवणचा काय भरवसा? सिलेक्टर देईल आणि निघेल फुटका. इथेच बसवून, वाजवून बघायचा आणि मगच न्यायचा. कर्णापण आणलाय."

"कुठे ठेवलीस?"

"मागं. पुढच्या दारात तुमचं खडीचं काम चाललंय ना, टेम्पो आत येईना. मग मागच्या अंगाने आणला. तिथे कडुनिंबाखाली मातीचा नवा कट्टा घातलाय तुम्ही, त्याच्यावर ठेवली. बरा केलाय कट्टा. नेमका उंचीला आला."

अप्पाजींचा हात सुपावर थांबला.

किती वेळ थांबला ते मल्लिनाथने पाहिलं नाही. तो पिशवीतून सोल्डरचं सामान काढून मांडत होता.

"आणि काही विचारायचंय?" अप्पाजी म्हणाले.

"विचारायचं काय? तेवढा निरोप धाडा. तुमच्या नावाने गेला तर धावत येईल."

"यायची गरज नाही. सिलेक्टर इथेच आहे."

मल्लिनाथचे हात थबकले.

"इथे?"

"माझ्याकडे ठेवलाय त्याने."

"आणि तुम्ही मघापासून…!"

अप्पाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. कोनाड्यातून एक पुडकं घेऊन आले आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. जुन्या, विटून गुलाबी पडलेल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून वर सुताने बांधलं होतं.

मल्लिनाथने सूत दाताने तोडलं. फडकं ओढून बाजूला फेकलं.

सिलेक्टर होता. अस्सल. चिनीमातीला एक चीर नाही, एक पत्ती वाकलेली नाही. त्याने दांडा चिमटीत धरून फिरवला. खट्. खट्. खट्. तेच वजन, तोच आवाज. इतक्या वर्षांनी बोटांना ओळख पटली.

मग त्याने तो उजेडाकडे नेला आणि डोळ्यांजवळ धरला.

पत्त्या काळ्या होत्या. सगळ्या. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चांदीवर चढलेलं काळं जसंच्या तसं.

"घासलेला नाही…" तो पुटपुटला.

"काय?"

"काही नाही. चांगलाय, म्हटलं."

ह्या धंद्यात नवख्या माणसाच्या हातून एक चूक हमखास होते. खरखर आली की तो सिलेक्टर उघडतो, पत्त्या काळ्या दिसतात, आणि काळं म्हणजे घाण असं त्याला वाटतं. तो पॉलिश पेपर घेतो आणि आरशासारख्या चकचकीत होईपर्यंत त्या घासतो. एखादा दिवस यंत्र झकास बोलतं. मग खरखर परत येते, आधीपेक्षा वाईट, आणि ती कधीच जात नाही. काळ्याबरोबर चांदीही गेलेली असते. खाली उरतं उघडं पितळ. काळी पडलेली चांदीसुद्धा आवाज नेत असते. ती फिरवत राहायची एवढंच.

मल्लिनाथला हे आता माहीत होतं. आता तो हे दुसऱ्यांना शिकवत होता.

तेव्हा माहीत नव्हतं. मठाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी रेवण कर्णे बांधायला गेला होता, आणि मल्लिनाथने पेटी उघडून पत्त्या घासल्या होत्या. रेवणने परत आल्यावर पाहिलं. "काळं होतं ते राहू द्यायचं होतंस रे," एवढंच म्हणाला होता. म्हशी राखणाऱ्याच्या पोराने हे सांगावं ह्याचा मल्लिनाथला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पाजींचं प्रवचन सुरू झालं आणि सिलेक्टर खरखरायला लागला. अप्पाजींचा एक शब्द ऐकू यायचा, पुढचा भाजून निघायचा. जत्रेतली पोरं हसली. मग मोठी माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "अरे, शेंगा भाजताय का यंत्रात?" पुन्हा हशा. अप्पाजी थांबले, आणि सगळ्यांच्या माना यंत्राकडे, मल्लिनाथकडे वळल्या.

मल्लिनाथने माइक ओढून घेतला. त्याच्या तोंडून जे निघालं ते एकदाही न खरखरता निघालं.

"रेवण्या! तुझ्या बापाने जन्मभर म्हशी वळल्या, तूही म्हशीच वळ! यंत्र घासून वाटोळं केलंस. यंत्राला हात लावायची लायकी नाही तुझी!"

गावाने ऐकलं. पंगतीत बसलेल्या रेवणच्या बापाने ऐकलं. विहिरीपलीकडच्या बाभळीवर शेवटचा कर्णा होता, तिथपर्यंत ते स्वच्छ गेलं.

आणि तिथे, बाभळीखाली, लाल फडकं वर झालं.

सवयीने झालं असेल. ऐकू आलं की वर करायचं. थोडा वेळ ते तसंच वर राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

त्यानंतर रेवण मैदानातून परत आलाच नाही. तसाच विहिरीकडून बाहेर पडला. पेटीतला आपला वाटाही त्याने मागितला नाही.

मल्लिनाथ ह्याबद्दल कुणी विचारलं तर एकच सांगत आला होता. बटण मी शेवटच्या घरावर फिरवलं होतं. मला वाटलं, बंद आहे. आपापसातलं बोलणं होतं ते, रागाच्या भरात निघालं, बाहेर जायला नको होतं. सिलेक्टरने दगा दिला.

अंधारात नुसत्या बोटांनी घरं मोजणारा म्हणून त्याचं नाव होतं. त्याची बोटं एखादं घर चुकली असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर त्याने त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. फक्त त्या एका दिवसापुरती ती चुकली होती, असं तो स्वतःच सांगत असे.

"आणि काही विचारायचंय?" अप्पाजींनी पुन्हा विचारलं.

मल्लिनाथ सिलेक्टर उलटासुलटा करत होता.

"हो… ह्याचा नट होता का बरोबर? दांड्यावरचा? बारीक आट्याचा असतो, बाजारात मिळत नाही."

अप्पाजींनी जमिनीकडे बोट केलं.

"फडक्यात बघ," ते म्हणाले.

फडक्याच्या एका टोकाला गाठ होती. गाठीत नट होता. मल्लिनाथने तो काढून घेतला, खिशात टाकला, आणि फडकं पुन्हा जमिनीवर सोडलं.

"विसराळू नव्हता कधी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं. "चला, मी लागतो कामाला. ऊन आहे तोवर डाख नीट दिसतो. स्वयंपाकघरातून वायर ओढली तर चालेल ना?"

अप्पाजी वाकले. बराच वेळ लागला त्यांना वाकायला. त्यांनी फडकं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"चल," ते म्हणाले. "मीही येतो."

मागच्या अंगणात कडुनिंबाखाली एक बाई उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात बेलाची पानं. मठातला दासोहाचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या जेवणाचा स्वयंपाक करणारी नीलव्वा. ती कट्ट्यावरच्या लोखंडी पेटीकडे पाहत होती.

"कुणाचं हो हे डबडं?" ती कडाडली.

"माझं," मल्लिनाथ म्हणाला. "हात लावू नका बाई, आत काच आहे."

"काच घाला चुलीत! हितं कुणी ठिवाय सांगितलं? आं? माती अजून बसली न्हाई ती, आन रेवाण्णाच्या उरावर लोखांड आनून ठिवलंय!"

मल्लिनाथला आधी नाव ऐकू आलं. बाकीचं मागून आलं.

"कोण… कोणाच्या?"

"रेवाण्णाच्या! त्याची समाधी हाय न्हवं ही! डोळं हैत का भोकं?" तिने त्याला आपादमस्तक पाहिलं. "कोन तुमी?"

मल्लिनाथने तोंड उघडलं.

"मी… लाउडस्पीकरवाला."

"मग लाउडस्पीकरवाल्याला समाधी कळंना व्हय?"

"नीलव्वा," अप्पाजी मागून म्हणाले, "पानं माझ्याकडे दे, तांब्या ठेव. तू जा."

ती पानं देऊन, तांब्या खाली ठेवून गेली. जाताना बडबडत गेली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तिचं बोलणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

…

मल्लिनाथ कट्ट्याकडे पाहत होता. माणसाएवढा लांब. नेमका उंचीला आलेला.

"कधी?"

"पेरण्या उरकल्या तेव्हा."

"काय झालं होतं?"

"छातीचं. वर्षभर होतं. शेवटी इथे आला. म्हणाला, जिथे लिंग बांधलंत तिथेच पुरा." अप्पाजी कट्ट्याजवळ आले. "हे आल्या आल्या विचारायचं होतंस."

"मला कुणी कळवलं नाही."

"नाही."

"का? तुम्हाला माझा पत्ता ठाऊक होता. दुकानात फोन आहे. एक माणूस धाडला असता तर…"

"तोच नको म्हणाला. बोलावल्यावर आलेला नको, म्हणाला. आपण होऊन येऊ दे."

सिलेक्टर मल्लिनाथच्या मुठीत होता. पत्त्या तळहाताला टोचत होत्या.

"आणखी काही बोलला? माझ्याबद्दल?"

"बोलला."

"काय?"

अप्पाजींनी हातातली काठी उचलून त्याच्या मुठीकडे दाखवली.

"म्हणाला, मल्लू येईल. माझ्यासाठी नाही आला, तर ह्याच्यासाठी तरी येईल."

कडुनिंबावर साळुंक्या भांडत होत्या.

मग मल्लिनाथने सिलेक्टर सदऱ्याच्या खिशात ठेवला, पेटीला दोन्ही हातांनी कवळा घातला आणि ती उचलली. सकाळी टेम्पोवाला होता हाताला. आता कुणी नव्हतं. पेटी पोटावर आदळली, त्याचे गुडघे वाकले, पण तिला कट्ट्यावर पुन्हा टेकवायचं नाही म्हणून तो तसाच तिरपा होत होत बाजूला आला, आणि जमिनीवर पेटीसकट बसला.

अप्पाजींनी हात पुढे केला नाही.

ओल्या मातीत पेटीच्या पायांचे ठसे उमटले होते. मल्लिनाथने तळहाताने ते पुसायचा प्रयत्न केला. कडा बुजल्या. खळगे राहिले. त्याने आणखी जोर लावला, तर मातीला भेग पडली.

"राहू दे," अप्पाजी म्हणाले. त्यांनी बेलाची पानं त्या खळग्यांजवळ ठेवली. पाणी शिंपडलं.

मग, दुसरं काहीच येत नसल्यासारखा, मल्लिनाथ कामाला लागला.

त्याने पेटी उघडली. जुना सिलेक्टर त्याने आधीच काढून ठेवला होता, आणि प्रत्येक तारेला निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधला होता. त्याने नवा बसवला. नट आवळला. एकेक तार जागेवर आणून डाख दिला. त्याला वाटत होतं, हात थरथरतील. एकदा तरी थरथरावेत. ते थरथरले नाहीत. एकही डाख वाकडा पडला नाही.

ह्याचंच त्याला वाईट वाटलं.

ऊन कलेपर्यंत काम झालं. त्याने स्वयंपाकघरातून वायर ओढली. नीलव्वाने दारातून हलून वाट दिली. कर्णा त्याने कडुनिंबाच्या फांदीला बांधला, गावाकडे तोंड करून. बांधताना कळलं की हे काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. हे नेहमी रेवण करायचा. गाठ दोनदा सुटली.

व्हॉल्व्ह तापले. पेटीच्या जाळीमागे तांबूस उजेड आला.

त्याने बटण पहिल्या घरात आणलं. खट्.

कर्ण्यातून हलकी, गोल अशी घरघर आली. बाकी काही नाही. खरखरीचा लवलेश नाही. इतका स्वच्छ आवाज त्या पेटीला पूर्वीसुद्धा नव्हता.

रानातून माणसं परतत होती. कुणी बैलांमागून, कुणी डोक्यावर भारा घेऊन. मठाच्या कर्ण्याची घरघर ऐकून दोघं-तिघं रस्त्यावर थांबली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. मठाला कर्णा लागून वर्षं लोटली होती.

मल्लिनाथने माइक हातात घेतला.

"अप्पाजी, तेव्हा अख्ख्या गावाने ऐकलं होतं. आजही अख्ख्या गावानेच ऐकावं."

"काय ऐकावं?"

"मी त्याची माफी मागतो. सगळ्यांसमोर. कुणी म्हणायला नको की मल्लिनाथने…"

तो थांबला. घसा साफ केला. ते घसा साफ करणंही कर्ण्यातून गावभर गेलं. रस्त्यावरच्या बाईने भारा खाली उतरवला.

"ऐका हो," तो माइकमध्ये म्हणाला. त्याचा आवाज माळावरून जाऊन परत आला. "मी मल्लिनाथ. मास्तरांचा. ह्या मठाच्या जत्रेत मी रेवणसिद्धाला, माझ्या मित्राला, नको ते बोललो होतो. तुम्ही ऐकलं होतं. आज त्याच्या समाधीपाशी उभा राहून सांगतो… तेव्हा मला वाटलं होतं, की यंत्र बंद…"

अप्पाजी पुढे झाले.

त्यांनी यंत्राला कधी हात लावला नव्हता. त्यांनी काठी काखेत धरली, वाकले, आणि दोन बोटांनी काळं बटण धरून फिरवलं. खट्. खट्. एकेक घर मागे पडत गेलं. शेवटच्या घरात बटण अडलं, तेव्हा त्यांनी ते आणखी थोडं दाबून पाहिलं. अडलं होतं.

कर्णा मुका झाला.

रस्त्यावरची माणसं अजून वाट पाहत होती. मग बाईने भारा डोक्यावर घेतला. बैल पुढे निघाले. पारावरच्या माना खाली गेल्या.

मल्लिनाथच्या हातात माइक तसाच होता, ओठांपाशी.

अप्पाजींनी खांद्यावरचं विटकं फडकं काढलं, त्याची घडी केली, आणि कट्ट्यावर उशापाशी ठेवलं.

"आता बंद आहे, मल्लू," ते म्हणाले. "…आता बोल."